आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वारसास्थळांचे आर्थिक मूल्य : राजगड आणि भोर-वेल्हे परिसराचा ऐतिहासिक विचार

सारांश

जागतिक वारसा यादीत राजगडाचा समावेश झाल्यानंतर भोर व वेल्हे परिसरात पर्यटनातून समृद्धी येईल, अशी अपेक्षा व्यक्त होत आहे. प्रस्तुत लेखात या अपेक्षेचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. सतराव्या शतकात किल्ल्याचे मूल्य त्याच्याशी जोडलेला मुलूख आणि त्यावर राबणारी माणसे यांच्यासह मोजले जात असे. पुढे हा संबंध तुटला. किल्ल्याचे आजचे आर्थिक मूल्य ठरवताना ‘किती’ या प्रश्नाइतकाच ‘कोठे व कोणाला’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असे येथे मांडले आहे.

बीजसंज्ञा : जागतिक वारसा, राजगड, भोर संस्थान, गडकरी, उपयोगमूल्य, अस्तित्वमूल्य

१. प्रस्तावना

पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात ११ जुलै २०२५ रोजी ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा किल्ले असून बारावा तमिळनाडूतील जिंजी हा आहे. यादीतील हे भारताचे ४४ वे स्थळ होय. पुणे जिल्ह्यातील तीन किल्ले त्यात असले, तरी भोर-वेल्हे परिसरातून केवळ राजगडाची निवड झाली. त्याच्या शेजारचा तोरणा, भोरजवळचा रोहिडा आणि स्वराज्याच्या शपथेची परंपरा ज्याच्याशी जोडली जाते तो रायरेश्वर हे या यादीबाहेर आहेत.

वेल्हे हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका. २०११ च्या जनगणनेत ही लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. आता या तालुक्याला राजगड हे नाव देण्यात आले आहे. डोंगरउताराची शेती, भाताची खाचरे, नाचणी-वरईचे वरकस आणि पुण्या-मुंबईकडे जाणारी तरुण पिढी हे येथील चित्र अनेक दशकांचे आहे. अशा परिसराच्या माथ्यावर जागतिक मान्यतेची मोहोर उमटली, म्हणजे तेथील माणसाच्या ताटात नेमके काय पडणार, हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नाही. त्याचे उत्तर शोधताना या किल्ल्याने आपल्या परिसराला पूर्वी काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले, हे पाहणे अगत्याचे ठरते.

२. ‘आर्थिक मूल्य’ या संज्ञेचा अर्थ

वारसास्थळाच्या मूल्याचे अर्थशास्त्रज्ञ सामान्यतः दोन भाग करतात. प्रत्यक्ष भेटीतून, निवासातून, खरेदीतून आणि रोजगारातून मिळणारे ते उपयोगमूल्य. प्रत्यक्ष न पाहताही एखादी वस्तू टिकून आहे याचे जे समाधान लोकांना वाटते, ते अस्तित्वमूल्य. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉन क्रुटिला यांनी १९६७ मध्ये निसर्गसंरक्षणाच्या संदर्भात ही दुसरी कल्पना मांडली. पुढे ती सांस्कृतिक वारशालाही लागू करण्यात आली. राजगड कधीही न चढलेल्या आणि चढण्याची शक्यताही नसलेल्या असंख्य मराठी माणसांना तो सुरक्षित राहावा असे वाटते. त्यांच्या या भावनेलाही अर्थशास्त्राच्या परिभाषेत मूल्य आहे.

उपयोगमूल्य मोजण्याची एक परिचित रीत म्हणजे प्रवासखर्चाची पद्धत. तिची मूळ कल्पना हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला लिहिलेल्या पत्रात सुचविली. एखाद्या स्थळी पोहोचण्यासाठी माणूस जो पैसा व वेळ खर्च करतो, त्यावरून त्याच्या लेखी त्या स्थळाची किंमत किती हे ताडता येते. पुण्याहून गुंजवण्याला येणाऱ्या गिर्यारोहकांचा प्रवासखर्च जमेस धरून राजगडाचे असे मूल्य काढता येईल आणि ते मोठेही भरेल.

परंतु या पद्धतीची एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. ती भेट देणाऱ्याच्या लेखी असलेली किंमत सांगते. तो पैसा कोणाच्या हाती पडला, हे ती सांगत नाही. वाहनात इंधन पुण्यात भरले, न्याहारी महामार्गावर झाली, शिदोरी घरून आली आणि गडावर फक्त पाण्याची रिकामी बाटली राहिली, तर राजगडाचे मूल्य हिशेबात वाढते. गुंजवणे, पाली, वाजेघर किंवा भुतोंडे या पायथ्याच्या गावांच्या वाट्याला मात्र त्यातले फारसे काही येत नाही. मूल्य निर्माण होण्याचे ठिकाण आणि ते पदरात पडण्याचे ठिकाण यांतील हे अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

३. मुलखासह मोजला जाणारा किल्ला

किल्ल्यांची आर्थिक मोजणी ही आधुनिक कल्पना नव्हे. जून १६६५ मधील पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले आणि त्यांखालील चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांना दिला. १२ किल्ले व एक लक्ष होनांचा मुलूख स्वतःकडे ठेवला. राखलेल्या किल्ल्यांत राजगड आणि तोरणा होते. या तहातील हिशेबाची रीत उद्बोधक आहे. तेथे तटबुरुजांची किंमत लावलेली नाही. किल्ला आणि त्याच्या आधाराने वसूल होणारा मुलूख हे एकच एकक मानलेले आहे. ज्याच्या पायथ्याशी पिकणारी जमीन आणि राबणारी माणसे नाहीत, अशा किल्ल्याला त्या व्यवहारात फारसा अर्थ नव्हता.

राजगडाचा इतिहास याच सूत्राने समजतो. तोरण्यावर सापडलेल्या धनातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारला गेला, अशी परंपरा आहे. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि बालेकिल्ला असा त्याचा विस्तार असून सुमारे पंचवीस वर्षे तो स्वराज्याची राजधानी होता. राजधानी म्हणजे धान्य, दारूगोळा, चुना, लाकूड, गवत यांची अखंड मागणी. ती भागविण्याचा भार गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ, रोहिड खोरे आणि वेळवंड खोरे यांवर पडला असणार. मात्र या खोऱ्यांनी केवळ दिले असे नाही. कारीचे जेधे, हिरडस मावळचे बांदल, गुंजण मावळचे शिळिमकर या देशमुखांना, तसेच भुतोंड्याच्या येसाजी कंकांसारख्या वीरांना राज्याच्या उभारणीत स्थान मिळाले. गडाच्या घेऱ्यातील रामोशी, कोळी, महार आदी समाजांतील लोक मेटांवर व चौक्यांवर पहारा देत आणि त्याबदली त्यांना जमिनी व हक्क मिळत. हवालदार, सबनीस, सरनोबत आणि कारखानीस यांच्या हाताखाली चालणारा गड हे लष्करी ठाणे होते, तसेच ते रोजगार देणारे केंद्रही होते.

या व्यवस्थेला आदर्श मानून तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तीत वेठ होती, जातिनिष्ठ श्रमविभागणी होती आणि युद्धाची झळ प्रथम रयतेलाच बसे. तथापि गड आणि गाव यांच्यातील देवाणघेवाण मान्य व नियमबद्ध असावी, ही जाणीव त्या काळच्या राज्यविचारात स्पष्ट होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांना राज्याचे सार मानले आहे. त्याच ग्रंथात आरमारासाठी लाकूड घेताना रयतेच्या आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये आणि एखादे जीर्ण झाड घ्यावेच लागले तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन घ्यावे, असा विचार आहे. सार्वजनिक कार्य कितीही मोठे असले तरी त्यासाठी गावकऱ्याच्या संमतीवाचून व मोबदल्यावाचून त्याची वस्तू घेऊ नये, हे तत्त्व आजच्या वारसा-व्यवस्थापनालाही मार्गदर्शक ठरावे.

४. गड आणि गाव यांचा तुटलेला संबंध

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि किल्ल्यांचे लष्करी प्रयोजनही संपुष्टात आले. दुर्गांचा ऱ्हास म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर ढासळलेले तट येतात, परंतु त्याआधी ढासळली ती गडांवर अवलंबून असलेली उपजीविका. पुरंदरच्या परिसरातील रामोशांचे किल्ल्याच्या रखवालीचे हक्क गेले. उमाजी नाईकांच्या उठावामागे हे एक महत्त्वाचे कारण होते. १८३१ मध्ये ते ज्या उत्रोळी गावी पकडले गेले ते आजच्या भोर तालुक्यात आहे. १८४४ मध्ये कोल्हापूर राज्यात सामानगडापासून गडकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि तो पन्हाळ्यापर्यंत पोहोचला. गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलतदारांच्या हाती देण्याच्या निर्णयाने या उठावाला तोंड फुटले. ज्या पन्हाळ्याचे नाव आज जागतिक यादीत आहे, त्याच्याच आश्रयाने गडाची माणसे आपल्या हक्कासाठी लढली, हे वारशाची चर्चा करताना सहसा आठवले जात नाही.

भोर-वेल्ह्यात हा संबंध वेगळ्या रीतीने क्षीण झाला. राजाराम महाराजांच्या काळात सचिवपदी आलेल्या शंकराजी नारायण यांच्या वंशजांकडे हा मुलूख राहिला आणि इंग्रजी अमलात भोर संस्थान म्हणून तो टिकला. सुमारे ९२५ चौरस मैलांच्या या संस्थानाच्या पाच तालुक्यांपैकी चारांची नावे किल्ल्यांचीच होती : राजगड, प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि सुधागड. पाचवा पवनमावळ. म्हणजे वेल्हे तालुक्याला मिळालेले राजगड हे नाव महसुली दप्तराला नवे नाही. किल्ले ओस पडल्यावरही महसुलाचे एकक म्हणून त्यांची नावे शिल्लक राहिली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि ही नावेही मागे पडली. सुधागड तालुका तेवढा आजच्या रायगड जिल्ह्यात आपले नाव टिकवून आहे.

५. पाण्याचा अनुभव

या परिसराच्या नैसर्गिक संपत्तीचे आर्थिक मूल्य आधुनिक काळात एकदा फार मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आहे. ती संपत्ती म्हणजे पाणी. वेळवंडी नदीवर भाटघर येथे १८९२ पर्यंत पहिले धरण झाले आणि १९२७ मध्ये त्याच्या जागी मोठे लॉइड धरण पूर्ण झाले. नीरा कालव्यांमधून हे पाणी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या भागांत गेले आणि तेथील ऊसशेतीचा व साखर कारखानदारीचा तो आधार ठरला. स्वातंत्र्यानंतर पानशेत आणि वरसगाव ही धरणे झाली व पुणे शहराची तहान भागली. नीरा-देवघर आणि गुंजवणी हे प्रकल्प त्यानंतरचे.

धरणांची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. प्रश्न वाटणीचा आहे. जमीन बुडाली ती मावळातील, पाणी पिकले ते देशावर. भाटघरच्या जलाशयाला येसाजी कंकांचे आणि वरसगावच्या जलाशयाला बाजी पासलकरांचे नाव दिलेले आहे. नावे मावळच्या वीरांची, लाभ मात्र मुख्यतः खालच्या प्रदेशाचा, अशी ही स्थिती आहे. एखाद्या साधनसंपत्तीचे मूल्य राष्ट्रीय दृष्टीने प्रचंड असूनही ती जेथे आहे तेथील लोक निर्धन राहू शकतात, याचा यापेक्षा जवळचा दाखला भोर-वेल्ह्याला शोधावा लागत नाही. वारशाचे मूल्यही याच उताराने वाहून जाऊ नये, ही चिंता त्यामुळे अनाठायी म्हणता येत नाही.

६. मानांकनाने काय मिळते, काय मिळत नाही

जागतिक वारसा करार १९७२ चा असून भारताने १९७७ मध्ये त्यास मान्यता दिली. मानांकनाबरोबर युनेस्कोकडून मोठा निधी मिळतो, हा समज बरोबर नाही. स्थळाचे जतन ही मुख्यतः त्या त्या राष्ट्राची जबाबदारी राहते. मानांकनाने मिळते ती प्रतिष्ठा, प्रसिद्धी आणि त्यांबरोबर येणारी बंधने. बारा किल्ल्यांपैकी आठ केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहेत. राजगड, साल्हेर, खांदेरी व प्रतापगड हे चार महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. म्हणजे राजगडाविषयीचे बरेच निर्णय मुंबई-पुण्यात होऊ शकतात. ही अडचण आहे, तशी संधीही आहे.

नोंद ‘लष्करी भूदृश्य’ म्हणून झालेली आहे, हेही महत्त्वाचे आहे. संजीवनी माचीची रचना समजायची तर तिच्याखालची खोरी, वाटा, नद्या आणि समोरचा तोरणा हे सर्व पाहावे लागते. भूदृश्य मान्य करायचे आणि ते जिवंत ठेवणारा शेतकरी मात्र हिशेबाबाहेर ठेवायचा, हे तर्काला धरून नाही. पुरंदरच्या तहातील मोजणी या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक वास्तववादी होती, असे म्हणावे लागते.

७. इतर स्थळांचे अनुभव

अजिंठा व वेरूळ यांची नोंद १९८३ मध्ये झाली. पुढे जपानी अर्थसाहाय्यातून तेथे विकास प्रकल्प राबविण्यात आला. अजिंठ्यास खासगी वाहने फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवून पुढे बसने जाण्याची व्यवस्था झाली. लेण्यांच्या संरक्षणासाठी ती योग्यच होती. तथापि वाहने कोठे थांबतात यावरच दुकाने, खानावळी आणि रोजगार कोठे निर्माण होणार हे ठरते. वाहनतळाची जागा ही केवळ अभियांत्रिकी बाब नसते, तो उत्पन्नाच्या वाटपाचाही निर्णय असतो.

कर्नाटकातील हंपीची नोंद १९८६ ची. पुलांच्या बांधकामामुळे १९९९ ते २००६ या काळात तिचे नाव धोक्यातील स्थळांच्या यादीत होते. २०११ मध्ये हंपी बाजारातील प्राचीन मंडपांच्या आश्रयाने राहणाऱ्या व व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांना हटविण्यात आले. स्मारक मोकळे झाले, पण त्याच्या आधाराने जगणारी वस्ती उठली. याउलट फिलिपाईन्समधील डोंगरउतारावरील भातखाचरांची कथा आहे. १९९५ मध्ये त्यांची नोंद झाली आणि २००१ मध्ये ती धोक्यातील स्थळांच्या यादीत गेली. तरुण गाव सोडून जात होते, खाचरे पडीक राहत होती आणि पाण्याचे पाट बुजत होते. स्थानिकांच्या सहभागाने सुधारणा झाल्यानंतर २०१२ मध्ये ते नाव त्या यादीतून वगळण्यात आले. भात पिकविणारा माणूस टिकला तरच भाताचे भूदृश्य टिकते, हा त्यातील धडा भोर-वेल्ह्यासारख्या भातपट्ट्याला थेट लागू पडतो.

८. भोर-वेल्ह्यापुढील प्रश्न

या पार्श्वभूमीवर तीन प्रश्न विशेष विचारार्ह वाटतात. पहिला जमिनीचा. पुण्याच्या सान्निध्यामुळे येथील जमिनींना आधीच बाहेरचे गिऱ्हाईक आहे. मानांकनाने भाव आणखी वाढू शकतात आणि हिशेबात ती आर्थिक वृद्धीच दिसेल. परंतु एकदा खाचर विकले गेले की त्या घराची पुढची पिढी स्वतःच्याच गावात रखवालदार म्हणून उभी राहते. गडाचा पहारेकरी जमिनीचा धारक होता. जमिनीवाचूनचा पहारेकरी ही त्याहून अगदी वेगळी अवस्था आहे.

दुसरा प्रश्न वाटेचा. राजगडावर रोपवे करण्याच्या प्रस्तावाविषयी मतभेद आहेत. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे आणि वृद्धांना व अपंगांना त्याचा लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु पायी चढणारा प्रवासी वाटेवर ताक-सरबत घेतो, पायथ्याशी पिठले-भाकरी खातो, कधी मुक्काम करतो. थेट माथ्यावर उतरणारा प्रवासी एकाच ठिकाणी तिकीट काढतो. गुंजवणे, पाली व भुतोंडे या तिन्ही बाजूंच्या वाटांवर विखुरलेले लहान उत्पन्न एका ठिकाणी गोळा होईल. म्हणून निर्णय कोणताही झाला तरी वाटेवरच्या गावांची भरपाई हा त्याचा भाग असला पाहिजे.

तिसरा प्रश्न तोलाचा. सर्व गर्दी राजगडावर आणि तोरणा, रोहिडा, रायरेश्वर उपेक्षित, अशी विभागणी राजगडाच्याही हिताची नाही. गडावरील पाण्याची टाकी व अरुंद वाटा यांची धारणक्षमता मर्यादित आहे. भोरचा राजवाडा यादीत नसूनही चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे उत्पन्नाचे साधन ठरू शकला. मानांकन हा मूल्याचा एकमेव स्रोत नाही, हे त्यावरून दिसते. संपूर्ण परिसर एक मानून नियोजन झाले, तर गर्दी आणि मिळकत दोन्ही विभागता येतील.

९. निष्कर्ष

सतराव्या शतकात राजगडाचे मूल्य त्याच्या मुलखासह मोजले जात असे. एकोणिसाव्या शतकात किल्ल्याशी निगडित हक्क संपले आणि विसाव्या शतकात या परिसराच्या पाण्याचे मोल अन्यत्र उभे राहिले. एकविसाव्या शतकातील मानांकनाने गड आणि गाव यांचा तुटलेला संबंध पुन्हा जोडण्याची संधी दिली आहे. हा संबंध केवळ पर्यटकांच्या संख्येने जुळणार नाही. गडावर जे शुल्क आकारले जाईल त्यात पायथ्याच्या ग्रामपंचायतींचा निश्चित वाटा, डागडुजीच्या व राखणीच्या कामात स्थानिकांना प्राधान्य, भोजन-निवासाच्या व्यवस्थेत महिला बचत गटांना व स्थानिक तांदळाला स्थान आणि व्यवस्थापनात गावांचा आवाज या गोष्टी हक्क म्हणून नोंदल्या गेल्या पाहिजेत. दयेने मिळालेली सवलत अधिकारी बदलला की संपते. नोंदलेला हक्क मागता येतो.

या कामी महाविद्यालयांनाही एक जबाबदारी उचलता येईल. मानांकनाने विकास झाला किंवा झाला नाही, असे दावे दहा वर्षांनी होतीलच. ते तपासण्यासाठी आजची स्थिती लिहून ठेवलेली हवी. पायथ्याच्या प्रत्येक गावात किती घरे वस्तीची आहेत, किती कुलूपबंद आहेत, किती क्षेत्रात भात लागतो, गडाच्या व्यवहारातून कोणाला किती दिवस काम मिळते आणि किती जमीन गावाबाहेरच्या नावावर गेली, याची साधी नोंदवही इतिहास, अर्थशास्त्र व भूगोल या विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने आताच सुरू करावी. राजगडाच्या मूल्याचा खरा ताळेबंद त्या वहीत सापडेल.